तिथलं काही खायचं नाही

माझा धंदा सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवण्याचा. जुना कपडा फाडायचा, आतला काथ्या आणि कुजलेला फोम उपसायचा, स्प्रिंगा बांधायच्या, पट्टे ताणायचे आणि वरून नवा कपडा ठोकायचा. कव्हरं बायको शिवायची. गाळ्यात मागे तिची मशीन, पुढे माझं टेबल आणि मध्ये गिऱ्हाइकांचे उघडेबोडके सोफे. आमच्या दोन्ही मुली त्या सोफ्यांवरच वाढल्या.

या कामात एका हाताने कपडा ताणून धरावा लागतो आणि दुसऱ्या हातात हातोडी असते. म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे आणायचा. बायकोच्या तोंडात टाचण्या असायच्या. थोरली शाळेतून यायची तेव्हा आम्ही दोघं असे बसलेले. कान मोकळे, तोंड बंद. मला वाटतं तिला गोष्टी सांगायची सवय त्यानेच लागली. तोंडात खिळे असलेला माणूस मध्ये बोलत नाही.

आधी ती शाळेतलंच सांगायची, कोण कुणाला काय म्हणालं ते. मग एकदा ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं एक जाड पुस्तक घेऊन आली. पुठ्ठा नव्हता, पहिली पानं गेलेली. प्राचीन ग्रीक लोकांच्या देवांच्या आणि वीरांच्या गोष्टी होत्या त्यात. बायकोने उरलेल्या रेक्झिनचं त्याला कव्हर शिवून दिलं, मरून रंगाचं, दुहेरी टीप मारून. तेव्हापासून ग्रीक देव आमच्या गाळ्यात राहायला आले ते आलेच.

पण थोरली वाचून दाखवत नसे. पुस्तक ठेवून द्यायची आणि सोफ्यांच्या मधून फिरत सांगायची. मशीन सुरू झाली की थांबायची, टीप संपली की पुढचं वाक्य. कधी कधी मुद्दाम अशा जागी थांबायची की बायको पायडलवरचा पाय उचलून म्हणायची, "बोल की गं, माझं काम अडलंय."

मला त्या देवांची नावं कधी आली नाहीत. जीभच वळत नाही. थोरली म्हणाली, "राहू द्या बाबा, कामावरून ओळखा." मग वरचा मालक, समुद्राचा मालक आणि पाताळाचा मालक असे तीन भाऊ. धान्याची बाई. लंगडा लोहार. वरचा मालक एका घरी थांबेल तर शपथ. त्याची भानगड सुरू झाली की बायको टाचण्या काढून हातात घ्यायची.

"निघाला का हा मेला परत? घरात बायको आहे की नाही याला?"

"आहे ना. ती चिडते की."

"नुसती चिडते. आणि तो घरी आला की ताट वाढते. तिथंच चुकतं तिचं."

मला लंगडा लोहार आवडायचा. लंगडा म्हणून आईने त्याला डोंगरावरून खाली फेकलं. मोठा झाल्यावर त्याने आईला सोन्याची खुर्ची बनवून पाठवली. ती बसली आणि तिला उठताच येईना. मी खिळे काढून विचारलं, "पट्टे कसले लावले होते?"

"तसं पुस्तकात नाही बाबा."

"मग काय उपयोग? तेच तर सांगायला पाहिजे होतं."

धाकटी तेव्हा चार-पाच वर्षांची. ती फोमच्या तुकड्यांच्या ढिगात पडून ऐकायची. ती ऐकते आहे हे आमच्या ध्यानातही नसायचं.

मग बायको आजारी पडली. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. बरीच वणवण झाली आणि शेवटी ती दवाखान्यातच गेली.

त्या दिवशी घरी बायकोची मोठी बहीण होती. बायको तिला अक्का म्हणायची म्हणून मीही अक्काच म्हणतो. अक्काने धाकटीला मांडीवर घेतलं आणि सगळे सांगतात तेच सांगितलं, "आई देवाघरी गेली हो बाळा."

धाकटीने विचारलं, "कुठल्या देवाच्या?"

अक्का रडता रडता थांबली. "कुठल्या म्हणजे? देव एकच असतो."

"नाही. तिघे भाऊ आहेत. तिघांची घरं वेगळी आहेत."

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी थोरलीकडे बघितलं. थोरली तिला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. पलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता. धान्याच्या बाईची गोष्ट सांगत होती. धान्याच्या बाईची मुलगी फुलं तोडत असते, जमीन फाटते आणि पाताळाचा मालक तिला खाली घेऊन जातो. आई तिला शोधत फिरते. शेवटी वरचा मालक म्हणतो, सोडा तिला. पण खाली असताना तिने डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, आणि नियम असा की तिथलं ज्याने खाल्लं तो तिथला. मग तडजोड होते. जितके दाणे खाल्ले तितके महिने तिने खाली राहायचं, उरलेले महिने वर यायचं.

मी बाहेर भिंतीला टेकून ऐकत होतो. मला सांगायला हवं होतं ते पोरगी सांगते आहे, सांगू दे, इतकंच मनात आलं. माझ्या अंगात तेव्हा तेवढंच बळ होतं. धाकटी शांत झाली. झोपलीसुद्धा. अक्का म्हणाली, "काय जादू केलीस गं?" 

पुढचे महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. कव्हरं आता मीच शिवत होतो. माझी टीप वाकडी जाते. उसवून परत मारायची. गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणायचं, "दादा, आमच्याकडे पाहुणे जमिनीवर बसताहेत हो." थोरली शाळा करून स्वयंपाक करायची, रात्री धाकटीला तीच गोष्ट सांगून झोपवायची, आणि तिचं दहावीचं वर्ष. धाकटीला शाळेतून आणायचं मी एकदा विसरलो. विसरलो म्हणजे हातात एक आरामखुर्ची होती, ती संपवून निघतो म्हणालो आणि अंधारून आलं. शिपाईकाका तिला सायकलवर बसवून घेऊन आले. पाणी प्यायले आणि गेले.

हे अक्काला कळलं. ती दुसऱ्या गावात राहते, बसने दोन-अडीच तास. तिची मुलं मोठी होऊन बाहेर गेलेली, नवरा फिरतीच्या नोकरीवर. फोनवर म्हणाली, "भाऊजी, धाकटीला माझ्याकडे ठेवा. थोरलीचं वर्ष पार पडेपर्यंत. शाळा माझ्या घरासमोर आहे. तुम्ही माणूस आहात की बैल?"

"बैल बरा अक्का. संध्याकाळी सोडतात तरी त्याला."

"म्हणूनच म्हणते. ठेवा माझ्याकडे."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मला नाही म्हणायची ताकद नव्हती. थोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." धाकटीला सांगितलं, तर तिने विचारलं, "जेवायचं कुठे?"

"मावशीकडे. मावशी तुला आवडतं ते करून घालेल."

तिने दप्तर आणून माझ्यापाशी ठेवलं. मला वाटलं, चला, मानलं.

रविवारी मी तिला पोचवून आलो. बरोबर कपड्यांची पिशवी, दप्तर आणि बिस्किटांचा मोठा पुडा. पुडा तिने स्वतः मागून घेतला होता. निघताना तिने मला हात केला, रडली नाही. बसमध्ये मी इतका गाढ झोपलो की माझा थांबा पुढे गेला.

मंगळवारी दुपारी अक्काचा फोन आला. मी टेबलावर होतो, थोरली अभ्यासाच्या सुट्टीमुळे गाळ्यातच मागे वाचत बसली होती.

"भाऊजी, ही पोर जेवत नाहीये."

"लाडावलीय. लागेल भूक की खाईल."

"अहो, आल्यापासून माझ्या घरातला एक कण तोंडात घातला नाही तिने. तुम्ही दिलेली बिस्किटं तेवढी खाते. तीही मोजून. आज पुडा संपला. अंडं केलं, खीर केली, आइस्क्रीम आणलं. आइस्क्रीमकडे बघून डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण तोंड उघडेना. मी काय विष घालतेय का तिला? डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो काही नाही, आईची आठवण. आता काय करू ते सांगा."

मी म्हटलं, तिला फोन द्या. धाकटी फोनवर आली. मी म्हटलं, बाळा, जेव. ती म्हणाली, "ताईला द्या."

मी थोरलीला हाक मारली आणि फोन स्पीकरवर टाकला. धाकटी अगदी हळू बोलत होती, मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

"ताई, पाणी चालतं का?"

थोरलीने लगेच उत्तर दिलं. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला द्यावं तसं. "पाण्याचं काही नाहीये त्यात. पाणी चालतं." आणि मग तिचा चेहरा उतरला. ती समोरच्या नुसत्या सांगाड्याच्या सोफ्यावर, स्प्रिंगांवरच बसली.

"काय झालं? कशात पाण्याचं नाहीये?"

"बाबा, ती जेवली तर तिला तिथंच राहावं लागेल असं वाटतंय तिला."

"कुणी सांगितलं?"

"मीच."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मला रागही आला नाही. राग यायला सुद्धा माणूस थोडा ताजा असावा लागतो. मी हातोडी ठेवली आणि म्हटलं, "चल. शटर ओढ."

बसमध्ये थोरली खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुस्तक तिने पिशवीत घेतलं होतं. का, ते मी विचारलं नाही. माझ्या मनात साधा हिशोब होता. थोरली तिला समजावेल, धाकटी जेवेल, संध्याकाळच्या बसने आम्ही दोघं परत. बुधवारी एका हॉटेलच्या खुर्च्या द्यायच्या होत्या. धाकटीला परत आणायचं माझ्या मनातही नव्हतं. आणून ठेवणार कुठे?

अक्काचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. तिने आधी मला आत घेतलं, मग थोरलीकडे वळली. फोननंतर तिने धाकटीकडून सगळं काढून घेतलं होतं.

"ये. ये बाईसाहेब. काय गोष्टी सांगतेस गं लहान पोरीला? मेलेल्या आईच्या नावाने?"

"आईच्या नावाने नाही मावशी. ती ग्रीक—"

"ग्रीक असो नाहीतर कुणी असो! सहा वर्षांचं पोर उपाशी आहे माझ्या घरात. शेजारची मला विचारते, काय हो, मारता का तिला? आग लाव त्या पुस्तकाला."

थोरली उंबऱ्याच्या आत भिंतीला लागून उभी होती. ती म्हणाली, "मी आता कधी सांगणार नाही. आज तेवढं तिच्याशी बोलू दे."

धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी खुर्चीत बसली होती. समोर ताट झाकून ठेवलेलं. दोन दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं. मला बघून ती उठली नाही. थोरलीच्या पिशवीकडे बघितलं, घरून काही खायला आणलंय की काय ते बघायला असावं, आणि पिशवीत नुसतं पुस्तक दिसल्यावर परत ताटाकडे बघत बसली.

थोरली तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "चिमे, ऐक. ती नुसती गोष्ट होती. खरं नाही ते काही. मी बनवली होती."

"खोटं बोलतेस. पुस्तकात आहे. मला चित्र दाखवलंस तू, डाळिंबाचं."

"पुस्तकातलीसुद्धा बनवलेलीच असते. फार जुन्या लोकांनी बनवली."

"मग त्यांना माहीत असणार. जुने होते ना ते."

अक्का मागून म्हणाली, "घ्या! आता द्या उत्तर."

थोरलीने मग दुसरी बाजू धरून पाहिली. नियम फक्त पाताळाला लागू आहे, मावशीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. धाकटीने खाली जमिनीकडे बघितलं, थोडा विचार केला, आणि मान हलवली. दवाखानाही वरच्या मजल्यावरच होता, म्हणाली.

"दवाखान्याचं काय इथं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून बोलली नाही. ताटावरच्या झाकणाशी बोलली.

"बाबा, तुम्ही आईला किती चमचे भरवले?"

मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. तिला आम्ही एकदा दवाखान्यात नेलं होतं. मी बायकोला उशीला टेकवून बसवलं होतं, गळ्याशी टॉवेल लावला होता, आणि चमचा धरून म्हणत होतो, खा, एवढाच खा, माझ्यासाठी खा. धाकटी खाटेच्या पायाशी उभी राहून बघत होती. इतके महिने ती चमचे मोजायचा प्रयत्न करत होती. एक चमचा, एक महिना. आई कधी येणार ते काढत होती. आणि तिथलं तिला भरवलं कुणी, तर मी.

थोरलीने तोंडावर हात ठेवला. अक्का आतापर्यंत बोलत होती, ती ओट्याकडे वळली आणि उगाच नळ सोडून भांडं धुवायला लागली.

मी समोरची खुर्ची ओढून बसलो. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला काही चांगलं सुचलं असतं. मी सोफे मढवणारा माणूस. जे होतं ते सांगितलं.

"तिथलं नव्हतं ते. दवाखान्यातलं ताट यायचं ते ती बघायचीसुद्धा नाही. मी घरून डबा न्यायचो. सूप. ताई करून द्यायची सकाळी. हो ना गं?"

थोरलीने मान डोलावली.

"निळ्या झाकणाचा डबा?" धाकटी म्हणाली.

"तोच."

"म्हणजे ती घरचं जेवली."

"घरचंच. तेही गिळत नव्हती. तोंडात धरायची आणि मी वळलो की टॉवेलात टाकायची. मला कळायचं. मी बोलायचो नाही."

 धाकटीच्या कपाळाला आठी पडली, तिच्या आईला मापं घेताना पडायची तशी.

"घरचं खाल्लं तर घरी यायला पाहिजे."

"हो. यायला पाहिजे होतं."

"मग का नाही आली?"

थोरली हळूच म्हणाली, "बाबा, नको." पण मला दुसरं उत्तर येत नव्हतं.

"मेली म्हणून. मेलेलं माणूस येत नाही बाळा. तिथलं जेवून येत नाही, न जेवताही येत नाही. किती महिने झाले तरी येत नाही."

"कधीच?"

"कधीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं तोंड उघडलं, पण आवाज यायला वेळ लागला, आणि आला तो असा की अक्काच्या हातातून भांडं पडलं. आई गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मी उठलो आणि तिला धरलं. थोरली जमिनीवर बसूनच रडत होती. अक्काने नळ बंद केला, येऊन थोरलीच्या शेजारी बसली, आणि मघाशी जिला पुस्तकाला आग लाव म्हणाली होती तिचं डोकं मांडीवर घेतलं. किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला आणि तोही विरला.

धाकटी हुंदके देत देतच म्हणाली, "मी जेवले तर मला इथं राहावं लागेल?"

"नाही. जेवलं म्हणून कुणाला कुठे राहावं लागत नाही. जेवलं की पोट भरतं, एवढंच."

"शपथ?"

"शपथ."

तिने झाकण काढलं. भात होता, उकडलेलं अंडं होतं, सगळं गार झालेलं. अक्का म्हणाली, "थांब, गरम करते," पण ती थांबली नाही. दोन्ही हातांनी जेवली. अंडं एका वेळी अख्खं तोंडात घातलं, अक्काने पाठीवर हात फिरवला. ताट पुसून खाल्लं. आम्ही तिघं जणू जगात पहिल्यांदाच कुणी जेवताना बघतोय असं बघत होतो. मला बरं वाटलं. मी घड्याळ बघितलं. संध्याकाळची बस मिळेल, हॉटेलच्या खुर्च्यांचं थोडं काम रात्री उरकता येईल, असं मनात चाललं होतं.

धाकटी खुर्चीवरून उतरली, हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली. काय करतेय म्हणून बघायला गेलो तर ती दारात बसून बूट घालत होती. दप्तर पाठीला लावलेलं. पट्टे उलटसुलट.

"हे काय?"

"जेवले ना. आता चला."

"अगं, पण मावशीकडे राहायचं ठरलंय आपलं."

"तुम्ही म्हणालात जेवलं म्हणून राहावं लागत नाही. शपथ घेतलीत."

मी अक्काकडे बघितलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, पोरांना असं डोक्यावर बसवू नका वगैरे. पण ती आत गेली आणि कपडे पिशवीत भरायला लागली.

"अक्का, मी सांभाळणार कसं हिला?"

"ते मला काय विचारता? शपथ मी घेतली का?" मग जरा थांबून म्हणाली, "शनिवारी येत जाईन मी. शिवण मलाही येतं. तिच्याइतकं नाही येत. पण तुमच्यापेक्षा सरळ येतं."

थोरली तिला घड्या घालायला मदत करत होती. अक्का फ्रॉक झटकत, तिच्याकडे न बघता म्हणाली, "आणि ती आई? धान्याची बाई की कोण ती. मुलगी खाली असताना ती काय करत होती?"

थोरलीने आधी माझ्याकडे बघितलं. मग हळूच सांगितलं, "तिने काही उगवूच दिलं नाही. शेतं वाळली, झाडं वाळली. लोक उपाशी मरायला लागले. सगळे देव येऊन विनवण्या करून गेले, तिने कुणाचं ऐकलं नाही."

"बरं केलं," अक्का म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.

बसमध्ये धाकटी माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. थोरली पलीकडे. अर्धा रस्ता गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"बाबा, मी पण मोजत होते," ती म्हणाली.

"काय?"

"महिने. मला माहीत होतं की खरं नाही. पण तिला रोज सांगता सांगता मला पण वाटायला लागलं होतं."

मी तिचा हात घेतला. स्वयंपाक करून करून त्याला बायकोच्या हातासारखे चटक्यांचे डाग पडले होते.

"आता नाही सांगणार मी कुणाला काही."

"असं नको करू."

"तुम्हाला चालेल?"

"मला करमत नाही गं. गाळ्यात नुसती हातोडी वाजते. सांगत जा. फक्त ही गोष्ट आहे, खरं नाही, असं आधी सांगत जा लहान पोरांना."

तिने डोळे पुसले आणि जरा विचार केला. "मग ऐकायला काय मजा बाबा?"

  मी म्हटलं, बघू. मग माझा डोळा लागला असावा, कारण पुढचं आठवतं ते कंडक्टर खांदा हलवतो आहे, "उतरायचंय ना दादा?" आणि थोरलीने पिशव्या आधीच दाराशी नेऊन ठेवल्या आहेत.

आम्ही उतरलो. धाकटी खांद्यावर होती, ती थांब्यावरच जागी झाली.

"भूक लागली."

"आत्ता तर जेवलीस गं एवढं."

"परत लागली."

"घरी काय आहे?" मी थोरलीला विचारलं.

"काही नाही. सकाळपासून काही केलंच नाही. करावं लागेल."

"मी करतो," मी म्हटलं. "तू बस हिच्याजवळ."

घरापर्यंतचा चढ मी धाकटीला घेऊन चढलो. मध्ये दोनदा थांबावं लागलं.